आठ तारा, पंधरा हजार आणि मी

*पगार होतो, ईएमआय जातो, भाडं जातं आणि 'स्वतःसाठी काहीतरी' करायचं पुढच्या महिन्यावर ढकललं जातं. यंदा मी त्या 'काहीतरी'ला नाव दिलं: मेंडोलिन. मग सुरू झाली खरेदीची खरी धमाल!*

लग्नाच्या बायोडेटात 'छंद' नावाचा एक रकाना असतो. त्यात आपण सगळ्याच डोळे झाकून 'वाचन, प्रवास, संगीत ऐकणे' असं ठोकून देतो. माझ्याही बायोडेटात हेच आहे. पण एका रविवारी सहज हिशेब केला (मी अकाउंट्समध्ये आहे, हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही) तेव्हा लक्षात आलं, की माझं वाचन म्हणजे ऑफिसचे मेल, प्रवास म्हणजे दादर ते ऐरोली व्हाया ठाणे, आणि संगीत ऐकणे म्हणजे त्या प्रवासात शेजारणीच्या भांडणाचा आवाज येऊ नये म्हणून कानात घातलेले इअरफोन! क्वार्टर-एंडला तर तेही नाही. बाकी मग आठवड्यातले सात दिवस कुणाच्या ना कुणाच्या डेडलाइनवर चाललेले.

तर, एक वाद्य शिकायचं. एकतिसाव्या वर्षी. आता हसा!

मेंडोलिनच का?

माझं माहेर मिरज. तिथली सतारमेकर गल्ली तुम्ही ऐकून असाल. भोपळ्यापासून सतार-तंबोरे घडवणारी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हेच करताहेत, आणि 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. त्यामुळे मी वाद्य घेणार म्हटल्यावर घरी सगळ्यांनी सतारच धरली. पण दादरच्या वन बीएचकेत आम्ही तिघी राहतो. तिथे सतार ठेवायची तर आमच्यातल्या एकीला बाहेर झोपावं लागेल. गिटार? ती ऑफिसातल्या प्रत्येक दुसऱ्या मुलाकडे आहे आणि 'वाजवून दाखव ना' म्हटलं की त्यातल्या प्रत्येकाची तार नेमकी त्याच दिवशी तुटलेली असते.

मेंडोलिन मात्र लहानपणापासून कानात होतं. 1995च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'तला राज सरसोंच्या शेतात जे वाद्य हातात घेऊन उभा असतो ना, ते मेंडोलिन. आमच्या पिढीच्या निम्म्या मुली त्या स्वरांवर शाहरुखच्या प्रेमात पडल्या, मी वाद्याच्याही पडले. मग शोधत गेले तसतशी जुनी माणसं भेटली. सज्जाद हुसेन हे 'रुस्तम सोहराब'चे (1963) संगीतकार स्वतः कमालीचे मेंडोलिनवादक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिन वाजवायचे. आणि यू. श्रीनिवास! त्यांनी हे इटलीतून आलेलं वाद्य थेट कर्नाटक संगीताच्या मैफलीत नेऊन बसवलं. 2014मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. पण त्यांचं रेकॉर्डिंग एकदा ऐकाच. त्यांचं वाद्य इलेक्ट्रिक होतं आणि तारा जोडीच्या नव्हत्या, एकेरी होत्या. आपल्याला हवी तशी मिंड-गमक काढायला त्यांनी वाद्यच बदलून घेतलं.

आपल्यासारख्या नवशिक्यांचं साधं मेंडोलिन आठ तारांचं. पण घाबरू नका, चार जोड्या असतात. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात, आणि प्रत्येक जोडी तिच्या शेजारणीपासून 'सा' ते 'प' एवढ्या अंतरावर. व्हायोलिनचं ट्यूनिंग हेच, त्यामुळे व्हायोलिनची पुस्तकंही इथे चालतात. लांबी जेमतेम सव्वादोन फूट. म्हणजे लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर मावणारं वाद्य. माझ्यासाठी हा पॉइंट निर्णायक होता!

बजेटची एक्सेल शीट

माझ्याकडे बोनसमधले दहा हजार बाजूला पडले होते. मिरजेला फोनवर आईला सांगितलं. ती आधी म्हणाली, "एवढ्या पैशात चार ग्रॅम चांदीची नाही, चांगली पायातली जोडवी-पैंजण सगळं होईल." दुसऱ्या दिवशी तिचाच फोन.

"माझी भिशी लागलीय. त्यातले पाच तुला पाठवते."

"अगं आई, कशाला? मी करते मॅनेज."

"घे गं. पण एक सांगते. ते वाजवायचं. कपाटावर धूळ खात पडलेलं दिसलं, तर मी येऊन घेऊन जाईन."

आईचा हा डायलॉग मला हसण्यावारी नेता आला असता. पण मला माहीत होतं, की लग्नाआधी तिच्याकडे एक बुलबुलतरंग होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती त्यावर गाणी वाजवायची. लग्न ठरल्यावर ते मामाच्या मुलांना खेळायला दिलं गेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट ती सांगते तेव्हा नेहमी हसूनच सांगते, त्यामुळे ते पाच हजार मला फार जड वाटत होते.

असो. एकूण पंधरा हजार. आता पहिला फंडा ऐका: पंधरा हजारांचं बजेट असेल तर पंधरा हजारांचं वाद्य घ्यायचं नाही. मी शीट केली तेव्हा किंमतीशिवाय चार रकाने निघाले. बॅग, तारांचा एक जादा सेट, पिक आणि सेटअप. हा सेटअप म्हणजे वाद्य तुमच्या हाताला येण्याआधी कारागिराने त्याची तारांची उंची, घोडी, नट हे सगळं लावून देणं. स्वस्त वाद्य बहुतेक वेळा कारखान्यातून जसं येतं तसंच दुकानात टांगलेलं असतं. त्यावर हे काम झालेलं नसतं आणि नवशिक्याला ते कळतही नाही. त्याला एवढंच कळतं, की बोटं जाम दुखताहेत आणि आवाज बेसूर येतोय. मग तो ठरवून टाकतो, की आपल्या हातात संगीत नाही. माझ्या रूममेटची ऑनलाइन मागवलेली गिटार याच कारणाने सध्या आमच्याकडे ओढण्या वाळत घालायच्या कामी येते. त्यामुळे शीटमध्ये वाद्यासाठी अकरा हजारांची लक्ष्मणरेषा आखली आणि उरलेले चार हजार बाकीच्या रकान्यांत टाकले. ट्यूनरचा खर्च शून्य, मोबाइलवर फुकट ॲप मिळतं.

शिंगवालं की साधं?

मेंडोलिन बघायला लागलात की तीन चेहरे दिसतील. पहिलं, पाठीला कलिंगडासारखा फुगवटा असलेलं. हे जुनं, नेपल्सचं घराणं. दिसायला गोड, पण मांडीवरून घसरतं आणि चांगल्या अवस्थेतलं मिळणं मुश्किल. दुसरं 'ए' स्टाइल: पाण्याच्या थेंबासारखं, सपाट पाठीचं, साधंसुधं. तिसरं 'एफ' स्टाइल: वरच्या खांद्याला शंखासारखी गुंडाळी, खाली टोकं काढलेली, एकदम रुबाबदार. ही 'ए' आणि 'एफ'ची घराणी अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनच्या हातून सुरू झाली. त्याला मेंडोलिनच्या बांधणीचं पेटंट 1898मध्ये मिळालं, आणि 1922मध्ये लॉइड लोअरच्या देखरेखीखाली गिब्सन कंपनीने 'एफ-5' काढलं, ज्याच्या नकला आजही जगभर होतात.

आता फोटोत 'एफ' बघितलं की 'ए' एकदम गरीब वाटतं, मान्य. पण ती गुंडाळी कोरायला कारागिराचे तासन्‌तास जातात आणि त्याचे पैसे आपण भरतो. आवाजात तिचा वाटा नगण्य. म्हणजे कमी बजेटमध्ये 'एफ' घेतलं, तर पैसे दिसण्यात जातात आणि कपात होते ती लाकडात. माझ्यासमोर दुकानात नेमका हाच सामना होता: साडेदहा-अकरा हजारांत 'ए', वरची पाटी सलग स्प्रूस लाकडाची; आणि तेवढ्याच पैशांत घासाघीस करून मिळणारं चकचकीत 'एफ', पण पाटी प्लायची.

हे ओळखायचं कसं? सोपं आहे. वरच्या पाटीला जे भोक असतं, गोल किंवा इंग्रजी 'एफ'च्या आकाराचं, त्याच्या कडेला नीट बघायचं. लाकडाच्या रेषा वरून कडेत सरळ खाली उतरत असतील तर लाकूड सलग. कडेला बिस्किटासारखे थर दिसले, तर प्लाय. सलग लाकडाचा आवाज मोकळा असतो आणि वाजवत गेलं की आणखी उघडतो. फोटो काढायला दुसरं वाद्य भारी होतं. पण मला तर लोकलमधून न्यायचंय, तेही बॅगेत घालून. कोण बघणार ती गुंडाळी?

दोन डेबिट कार्डांची परीक्षा

धोबी तलावच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांत फिरण्यात माझे दोन शनिवार गेले. हा भाग मुंबईतल्या गोवेकरांचा जुना अड्डा. त्यांचे गावोगावचे 'कूड' इथेच, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातली कितीतरी गोवेकर मंडळी या गल्ल्यांतून स्टुडिओत गेली. सोबतीला माझ्या टीममधला एक मुलगा होता, जो शाळेत सात वर्षं व्हायोलिन शिकलाय. (दोन वडापाव आणि एक कटिंग, एवढीच त्याची फी.) तुम्हाला वाजवता येत नसेल तर वाजवता येणारं कुणीतरी न्याच. कारण दोन वाद्यांतला फरक ऐकायचा तर दोन्हींवर एकच गोष्ट, एकाच हाताने वाजायला हवी.

बाकीची परीक्षा मात्र तुम्ही स्वतः घेऊ शकता.

आधी वाद्य डोळ्यांसमोर बंदुकीसारखं धरून मानेकडून खाली बघा. मान सरळ हवी. अगदी बारीकशी खोली चालेल, पण धनुष्य दिसलं किंवा पिळ दिसला, तर नमस्कार करून ठेवून द्या.

मग तारांची उंची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यात साधारण दीड ते दोन मिलिमीटरची फट असावी. फूटपट्टी घेऊन कोण फिरतंय? पर्समधली दोन डेबिट कार्डं काढा. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन मिळून दीड. दोन्ही एकत्र अलगद आत गेली तर उत्तम. तीन कार्डंही आरामात घुसली, तर उंची जास्त आहे. ती सेटअपमध्ये कमी होऊ शकते, पण खर्च धरून चाला. (दुकानदार आधी विचित्र नजरेने बघतो. दुसऱ्या मेंडोलिनच्या वेळी त्याला सवय होते.)

मग प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर दाबून छेडा. हो, प्रत्येक! कुठे झिणझिण आली की ती जागा लक्षात ठेवा. मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा, पडद्यांची टोकं टोचता कामा नयेत. आठही खुंट्या फिरवून बघा. अडखळत फिरणारी खुंटी रोज डोक्याला शॉट देणार.

आणि शेवटी सुराची परीक्षा. मोकळी तार ॲपवर सुरात लावायची, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. तोच स्वर, वरच्या सप्तकातला यायला हवा. चढा येत असेल तर घोडी थोडी मागे, शेपटाकडे सरकवावी लागते; उतरा येत असेल तर मानेकडे. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबाने बसलेली असते, त्यामुळे हा दोष जागेवर दुरुस्त होतो. मानेचा दोष होत नाही. पंधरा हजारांच्या ग्राहकाने एवढा फरक पाठ करून दुकानात शिरावं.

साडेचार हजारांचंही एक मेंडोलिन बघितलं. लालभडक, चकाकणारं. त्यात कार्डं चार गेली आणि पाचव्या पडद्यापुढे बोटाने तार दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेकंडहँडसाठी एका जाहिरातीवरून वसईपर्यंत जाऊन आले. आठ हजारांत सुंदर वाद्य होतं, आवाज तर खल्लास! पण मानेला बाक. आत सळई आहे का विचारलं, तर नव्हती. (मानेत लोखंडी सळई असेल तर बाक थोडाफार काढता येतो.) सेकंडहँड वाईट असतं असं अजिबात नाही, उलट चांगलं जुनं लाकूड मिळालं तर लॉटरी. फक्त जाताना जाणकार न्या आणि मोहाला घरी ठेवा. वसईहून परत येताना मला खरंच रडू येत होतं, कारण आवाज त्याचाच आवडला होता.

घोडी बसली, वाद्य बोललं

शेवटी धोबी तलावलाच, त्या 'ए' स्टाइलवर हात ठेवला. दहा हजार आठशे. काउंटरमागचे पांढऱ्या केसांचे अंकल म्हणाले, "बाय, रंग नाही बघितलास तू. बरं केलंस." दुकानातल्याच कारागिराने सेटअपचे बाराशे सांगितले, तीन दिवस मागितले.

त्या तीन दिवसांत मिरजेच्या आमच्या शेजारच्या काकांना फोन केला. आयुष्यभर त्यांनी सतारीच्या जवाऱ्या काढल्या. मेंडोलिन म्हटल्यावर पलीकडून आधी शांतता. मग म्हणाले, "आमच्याकडचं वाद्य नव्हे ते. पण घोडी ती घोडीच. तिचे पाय लाकडावर सगळीकडून टेकलेत का बघ. खालून कागद सरकला, तर म्हणावं परत घास. घोडी नीट बसल्याशिवाय वाद्य बोलायचं नाही."

शनिवारी वाद्य घ्यायला गेले तेव्हा पर्समधून लोकलच्या पासाची झेरॉक्स काढली आणि तिची कड घोडीच्या पायाखाली सरकवून बघितली. एका पायाखाली सरकली. कारागीर आधी वैतागला, मग भिंग लावून बघितलं, मग काही न बोलता अर्धा तास घासत बसला. परत तारा चढवून छेडलं तेव्हा फरक मलाही ऐकू आला. आधी आवाज डब्यातून येत होता, आता पाटीतून. तो म्हणाला, "कुणी सांगितलं तुम्हाला हे?" मी म्हटलं, "मिरजेहून फोन आला होता." त्याने नुसती मान हलवली. मिरज म्हटल्यावर पुढे काही सांगावं लागलं नाही.

हिशेब: वाद्य 10,800, सेटअप 1,200, बॅग 900, तारांचा सेट 450, पिक आणि पट्टा 150. एकूण 13,500. उरलेले पंधराशे शिकवणीच्या पहिल्या महिन्याला लावले. शीट टॅली!

घरी आल्यावर

दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला. नाहीतर घोडी निघून हातात येईल आणि तिची जागा पुन्हा शोधत बसाल. पिक जरा जाड घ्या, एक मिलिमीटरच्या वरचं. पातळ पिकने आवाज चिरका येतो. मुंबईच्या पावसाळ्यात तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि मेंडोलिनचा आवाज छोटा असेल या भ्रमात राहू नका. तार छेडली की स्वर लगेच विरतो, म्हणून तो लांबवायला पिक भराभर वर-खाली फिरवायचं असतं. रात्री अकरा वाजता हे केलं, तर वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येतात. घोडीजवळ तारांखाली रुमाल खोचला की आवाज दबतो. काकूंशी माझे संबंध सध्या चांगले आहेत.

बोटं पहिले तीन आठवडे दुखली. मग टोकांना घट्टे पडले आणि कीबोर्डवर टाइप करताना ते टकटक जाणवायला लागले. महिन्याच्या क्लोजिंगला रात्री नऊला घरी आले तरी वीस मिनिटं वाजवते. त्या वीस मिनिटांत मला कुणीही मेल करू शकत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा तेरा हजार पाचशे वसूल आहेत.

दिवाळीनंतर आई आठवडाभर राहायला आली. आल्या आल्या कपाटावर नजर टाकली, वर फक्त सुटकेस होती. रात्री मी तिला माझी एकुलती एक चाल वाजवून दाखवली, दोनदा चुकत. ती म्हणाली, "बघू." मांडीवर घेतलं, पिक बोटांत कसं धरायचं ते विचारलं नाही, बुलबुलतरंगाची सवय असावी. डावा हात मात्र अडला, तिथे बटणं नव्हती ना! मग मी पडद्यांवर बोटं धरली आणि तिने छेडायला सुरुवात केली. अर्धी चाल झाली असेल, तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "हे मिरजेत कुणी शिकवतं का, बघ जरा."

काकांना उद्याच फोन करते.